तीन पानं उघडल्यावर

पत्त्यांच्या कॅटमधून कोणतीही तीन पानं काढली तर त्यांचे 22,100 वेगवेगळे संच होतात. तीन पत्तीचा सगळा संसार या आकड्यात मावतो. त्यातले 16,440 संच म्हणजे नुसती सुटी पानं, ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स. जोडी 3,744 वेळा. आणि जिच्या आशेवर गौरी-गणपतीच्या जागरणात पहाट उजाडते ती ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, फक्त 52 वेळा. एकाच रंगाची सलग पानं, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, तर 48च, म्हणजे ट्रेलहूनही दुर्मीळ. तरी आपल्याकडे ट्रेल वरचढ. हिशेबाने हा क्रम उलटा हवा, पण हा मुद्दा लालबागच्या एखाद्या गॅलरीत रात्री दोन वाजता काढून बघा, कोणी ऐकून घेणार नाही.

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात हीच तीन पानं टेबलाच्या मधोमध उताणी पडतात आणि ती सगळ्यांची असतात. त्यांना फ्लॉप म्हणतात. खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात आणि बोलीची एक फेरी होते. मग फ्लॉप आणि दुसरी फेरी. मग चौथं पान, टर्न; मग पाचवं, रिव्हर; प्रत्येकानंतर पुन्हा फेरी. हातातली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा पॉट. नो-लिमिट म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स कुठल्याही क्षणी पुढे सारता येतात.

फ्लॉपपूर्वीचा खेळ आता जवळजवळ पाठांतराचा झाला आहे. दोन पानांच्या 1,326 जोड्या, रंगांचा फरक एकत्र केला तर 169 प्रकार. कुठल्या जागेवरून कुठला प्रकार खेळायचा याचे तक्ते मोबाइलमध्ये असतात. फ्लॉप पडला की तक्ता संपतो. हातातली दोन पानं वगळली तरी तो 19,600 तऱ्हांनी पडू शकतो. काही न लावता चेक करायचं, पैसे लावायचे की पानं टाकून द्यायची, लावायचे तर किती, या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत पुस्तकं लिहिली गेली, विद्यापीठांनी संगणक कामाला लावले आणि न्यायालयांनीही निकाल दिले. त्या सगळ्याचा आढावा घेताना मला गिरगाव ते परळ या पट्ट्यातला खेळाडू डोळ्यांसमोर ठेवायचा आहे. फ्लॉपनंतर तो कसा चुकेल हे बरंचसं तो आधी कुठला खेळ खेळत आला यावर ठरतं, असं माझं मत आहे.

गिरणगावात पैशाच्या खेळाचा विषय निघाला की पहिलं नाव मटक्याचं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत, त्यांवर आकडा लावला जाई. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. पानं काढायची, त्यांची बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन, तसंच क्लोज. एका आकड्याला रुपयामागे नऊ मिळत आणि तो लागण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे दर रुपयाला दहा पैसे आधीच गेलेले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि मटक्याचं हे गिऱ्हाईकही पांगलं. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं एवढंच की आकडा लावल्यानंतर माणसाला करण्यासारखं काही उरत नसे. स्वप्नात काय दिसलं यावरून आकडा काढणाऱ्याचा आणि वहीत जुने आकडे टिपून ठेवणाऱ्याचा तोटा सारखाच.

तीन पत्ती त्याच्या एक पायरी वर. तिथे निर्णय आहेत: बंद खेळायचं की पानं बघायची, चाल द्यायची की पॅक व्हायचं, साइड शो मागायचा की शो. पानं बघितलेल्याला बंदवाल्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, त्यामुळे बंद खेळणाऱ्याचा एक रुबाब असतो. पण एकदा वाटप झालं की नवं पान येत नाही. समोरच्याबद्दल जे कळायचं ते त्याच्या चेहऱ्यावरून आणि त्याने टाकलेल्या पैशावरून. असा खेळाडू दोन गोष्टी पक्क्या शिकतो: दाब टाकला की माणसं पळतात, आणि चांगलं पान हातात आलं की सोडायचं नसतं. दुसरी गोष्ट होल्डेममध्ये घात करते. हातात राजांची जोडी, फ्लॉपवर एक्का, समोरचा तीनदा पैसे लावतोय, आणि हा अजून ‘राजे आहेत’ म्हणून चिकटून. वाटपाच्या वेळी ती जोडी होती तेवढीच आता मोलाची आहे, असं त्याच्या हाताला वाटत राहतं.

मेंढीकोट मात्र वेगळी शाळा आहे. चार जण, दोन-दोन भिडू, दश्श्या पकडायच्या. प्रत्येक हाताला चार पानं उघडी होतात आणि ती लक्षात ठेवावी लागतात. इस्पिक किती गेली, हुकूम कोणाकडे उरला, किलवरचा एक्का अजून बाहेर का नाही. चाळीतले मुरलेले लोक याच्याही पुढचं बघतात: पडलेल्या पानापेक्षा न पडलेल्या पानाकडे. डावीकडच्याकडे बदामाचा राजा असता तर मघाशी भिडूची दश्शी वाचवायला त्याने तो टाकलाच असता. टाकला नाही, त्या अर्थी त्याच्याकडे नाही. जिमखान्यांमधल्या ब्रिजच्या टेबलांवर हेच काम बोली आणि सिग्नलच्या शिस्तीत चालतं. फ्लॉपनंतरच्या पोकरचा गाभा नेमका एवढाच आहे. समोरच्याने आधी काय केलं आणि काय केलं नाही, यावरून त्याच्या संभाव्य पानांची यादी छाटत जायची. पोकरवाले त्या यादीला रेंज म्हणतात.

हा फरक सर्वोच्च न्यायालयालाही दिसला होता. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीच्या खटल्यात, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण, नोव्हेंबर 1967 मध्ये न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. कारण दिलं ते पडलेली पानं लक्षात ठेवण्याचं आणि कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं या निवडीचं. आणि तुलनेला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून, तीन पानांचा खेळ घेतला. पोकरबद्दल त्या निकालात काही ठरलं नाही. ते भांडण पुढच्या पिढीवर आलं, त्याकडे शेवटी वळू.

आता प्रत्यक्ष फ्लॉपकडे. समजा ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोन जागांना भरावेच लागणारे पैसे, 50 आणि 100 चिप्सचे आहेत, प्रत्येकासमोर 10,000. तुम्ही बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवर आहात आणि एक्का-राणी पाहून 250 केले. 100 भरलेल्या बिग ब्लाइंडने तेवढेच करून कॉल केला, बाकीचे गेले. पॉट 550.

फ्लॉप पडतो बदाम राजा, इस्पिक सत्ती, किलवर दुर्री. तुमच्याकडे काही नाही. तरी इथे 180 लावणं बरोबर. समोरच्याकडे दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असते तर त्याने फ्लॉपपूर्वीच पुन्हा वाढवलं असतं. वाढवलं नाही, म्हणजे ती पानं त्याच्या यादीतून बरीचशी गेली. तुमच्या यादीत ती आहेत. शिवाय जोडी नसलेली दोन पानं घेऊन आलेल्या माणसाला फ्लॉपवर निदान जोडी लागते ती तीनांत एकदाच, 32 टक्क्यांच्या आसपास. 180 लावून 550 मिळवायचे तर चारांत एकदा त्याने पानं टाकली तरी तुमचा खर्च निघतो.

आता तीच एक्का-राणी, तोच माणूस, पण फ्लॉप नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यातली दोन बदामं. बिग ब्लाइंडमधून कॉल करणाऱ्याची पानं अशीच असतात: दश्शी-नव्वी, अठ्ठी-सत्ती, छोट्या जोड्या, एकाच रंगाची मधली पानं. हा फ्लॉप त्याचा आहे. चेक करा, फुकटात पुढचं पान बघा, मोठा दाब आला तर उठा. पहिल्या फ्लॉपला कोरडा म्हणतात, दुसऱ्याला ओला. एकूण फ्लॉपांपैकी निम्म्याहून जास्त, 55 टक्के, दोन पानं एका रंगाची असलेले पडतात. तिन्ही वेगळ्या रंगांचे 40 टक्के. तिन्ही एकाच रंगाचे जेमतेम 5. जोडी असलेला फ्लॉप सहांत एकदा. बटनवरून खेळताना हातात काय आहे यापेक्षा फ्लॉप कोणाच्या बाजूने पडला हा प्रश्न आधी विचारायचा. पोस्ट-फ्लॉप खेळातली सर्वांत मोलाची सवय कुठली असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन. तीन पत्तीवाल्याला तीच लावायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

दुसरा मोठा विषय ड्रॉचा, म्हणजे अजून न झालेल्या पानांचा. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम. उरलेल्या 47 पानांत नऊ बदाम. दोन्ही पानं बघायला मिळाली तर पाच बदामांचा फ्लश लागण्याची शक्यता 35 टक्के, एकाच पानावर 19 टक्के. टेबलावर भागाकार करत बसायला नको म्हणून सोपा नियम आहे: फ्लॉपवर उपयोगी पानांच्या संख्येला चाराने गुणा, टर्नवर दोनाने. नियम चांगला, वापर वाईट. चाराचा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा टर्ननंतर आणखी पैसे भरावे लागणार नाहीत. समोरच्याने पॉटएवढे लावले तर कॉल करायला तुम्हाला 33 टक्के शक्यता लागते. तुमची 35 आहे, म्हणून कॉल. टर्नला बदाम आलं नाही, तो पुन्हा पॉटएवढे लावतो, आणि आता तुमच्याकडे 20 टक्केही नाहीत. दादरच्या घरगुती टेबलांवर मी ही चूक जितक्या वेळा पाहिली आहे तितकी दुसरी कुठली नाही, आणि ती करणारे बहुतेक हिशेबाला पक्के लोक असतात. कोणी सी.ए., कोणी बँकेत. गणित येतं, पण पुढच्या फेरीचा खर्च ताळेबंदात धरलेला नसतो.

बदाम लागल्यावर पुढे पैसे मिळतील, असा त्यावरचा बचाव असतो. मिळतात, पण टेबलावर तिसरं बदाम पडलेलं सगळ्यांना दिसतं, तेव्हा समोरचाही हात आखडता घेतो. याउलट हातात छक्क्यांची जोडी आणि फ्लॉपवर तिसरी छक्की, असं साडेआठ वेळांत एकदा होतं, पण झालं की कोणाला कळत नाही. दोन राण्या घेऊन बसलेला माणूस आनंदाने सगळ्या चिप्स देतो. छोट्या जोड्या खेळायचं कारण हे लपणं आहे. समोर चिप्स भरपूर असतील तरच ते फळतं.

हे सगळं ज्ञान पुस्तकांतून टप्प्याटप्प्याने आलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी टेक्ससच्या डॉयल ब्रन्सन यांनी ‘सुपर/सिस्टीम’ काढलं. त्यातला नो-लिमिटचा भाग म्हणजे आक्रमकतेचं समर्थन. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘थिअरी ऑफ पोकर’ने सेमी-ब्लफ ही कल्पना रूढ केली: पान अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं, तेव्हा स्वतःच पैसे लावा, म्हणजे जिंकायचे दोन रस्ते राहतात. 2003 मध्ये टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकला, ऑनलाइन प्रवेशफेरीतून आलेला नवखा माणूस, आणि जगभर लोंढा लागला. पुढच्याच वर्षापासून डॅन हॅरिंग्टन यांची पुस्तकं येऊ लागली. फ्लॉपपूर्वी वाढवणाऱ्याने फ्लॉपवर पुन्हा पैसे लावायचे, ही कंटिन्युएशन बेटची सवय त्यांनी हजारोंना लावली, इतकी की काही वर्षांनी तीच सवय ओळखून लोक परतफेड करू लागले.

2007 मध्ये फ्लिन, मेहता आणि मिलर या त्रयीने एक साधं प्रमाण मांडलं: तुमच्या उरलेल्या चिप्स भागिले पॉट. वरच्या उदाहरणात पॉट 550 आणि मागे 9,750, म्हणजे प्रमाण सुमारे 18. इथे एका जोडीवर सगळं लावणं वेडेपणा. पण बिग ब्लाइंडने तुमच्या 250 वर 1,000 केले असते आणि तुम्ही कॉल केला असता, तर पॉट 2,050 आणि मागे 9,000, प्रमाण साडेचाराच्या आत. इथे वरची जोडी लागली की बहुतेक वेळा निर्णय झालेला असतो. ‘राणीची जोडी चांगली की वाईट’ या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नाही. मागे किती आहे यावर ते बदलतं. इतकी उपयोगी कल्पना इतक्या थोड्या शब्दांत मांडलेली मी पोकरच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

मग यंत्रं आली. पाया जुना होता: जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये खेळांच्या सिद्धांताचं मूळ प्रमेय दिलं, आणि 1944 च्या ग्रंथात पोकरच्या लहान नमुन्यावर दाखवलं की ब्लफ हा गणिताचाच भाग आहे. 2007 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात अशी पद्धत निघाली की संगणक स्वतःशी लाखो डाव खेळून, प्रत्येक निर्णयानंतर ‘दुसरं केलं असतं तर’ याचा पश्चात्ताप मोजत सुधारत जातो. 2015 मध्ये त्याच गटाने दोघांमधला मर्यादित बोलीचा होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलनच्या लिब्राटसने पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार व्यावसायिकांना एकेकट्याने 20 दिवस, 1,20,000 डाव खेळवून हरवलं. तो नो-लिमिट होता. 2019 मध्ये त्याच परंपरेतला प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर जिंकला. दरम्यान अशीच उत्तरं काढणारी सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअरं घरच्या संगणकावर आली होती.

सॉल्व्हरने काय शिकवलं याची यादी लांब आहे. कोरड्या फ्लॉपवर लहान आणि वारंवार पैसे लावणं, वर आपण पाहिलं ते, सॉल्व्हरमुळेच पक्कं झालं. पॉटच्या दीडपट-दुप्पट लावणं, जे पूर्वी नवख्याचं लक्षण मानत, ते योग्य जागी बरोबर ठरलं. रिव्हरला पॉटएवढे लावायचे तर दर दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ असावा, म्हणजे समोरच्याने कॉल केला काय आणि टाकलं काय, त्याला फरक पडत नाही. आणि उलट बाजूने, पॉटएवढ्या बेटसमोर आपल्या निदान निम्म्या हातांनी टिकलं पाहिजे, नाहीतर समोरचा कुठल्याही दोन पानांवर फायद्यात ब्लफ करेल.

हे सगळं ‘समोरचाही तितकाच निर्दोष खेळतो’ या गृहीतकावर उभं आहे. ते गृहीतक दादरला आणून बघू.

हिंदू कॉलनीतल्या एका घरचा डाव, चिप्सना पैशाची किंमत नसलेला. बटनवर भाचा, वय चोवीस, सॉल्व्हरचे व्हिडिओ बघणारा. हातात बदाम एक्का, किलवर राणी. 250 केले, बिग ब्लाइंडमधल्या शेजाऱ्याचा कॉल. फ्लॉप: बदाम राणी, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. शेजारी चेक, भाचा 350, कॉल. पॉट 1,250. टर्न चौकट पंजी. चेक, 800, कॉल. पॉट 2,850. रिव्हर बदाम सत्ती. आणि आतापर्यंत गप्प असलेल्या शेजाऱ्याने थेट 2,000 पुढे सारले.

भाच्याने वेळ घेतला. त्याचा हिशेब बरोबर होता. 2,000 भरून एकूण 6,850 चा पॉट, म्हणजे 29 टक्के वेळा जिंकलं की पुरे. टेबलावर तीन बदाम, त्यामुळे बाकी दहा, त्यांच्या जोड्या 45. पण एक्का त्याच्याच हातात, म्हणून उरले नऊ बदाम, जोड्या 36. शिवाय गेलेल्या नऊ जोड्या सगळ्या एक्क्याच्या, म्हणजे माणसं हौसेने खेळतात त्याच. याला ब्लॉकर म्हणतात. वर फसलेले ड्रॉ: गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, गुलाम-नव्वी. सॉल्व्हर अशा जागी बदामाचा एक्का असलेल्या राणीने बऱ्याचदा कॉल करतो.

मागे मामा उभे होते. आयुष्य मेंढीकोटात गेलेलं, ब्लॉकर हा शब्द ऐकलेला नाही.

‘‘दोनदा गप्प बसला ना तो? आणि बदाम पडल्यावर बोलला. टाकून दे.’’

‘‘मामा, त्याला वाटेल तेव्हा ब्लफही करता येतो.’’

‘‘येतो रे. पण हा करतो का?’’

भाच्याने कॉल केला. शेजाऱ्याकडे बदामाचे गुलाम-दश्शी निघाले. एका डावाने काही सिद्ध होत नाही. त्या जागी दुसऱ्या दिवशी फसलेला ड्रॉही निघाला असता. पण मामांचा प्रश्न बरोबर होता, आणि तो सॉल्व्हरला विचारता येत नाही. चेक, कॉल, चेक, कॉल, आणि रिव्हरला मोठी बेट, असा रस्ता धरणारा हौशी खेळाडू तिथे क्वचितच ब्लफ करतो. त्याला ब्लफ करायचाच असेल तर तो तीन पत्तीच्या सवयीने आधीच, फ्लॉपवर किंवा फ्लॉपपूर्वी, आवाज करून करतो. 29 टक्के लागतात आणि त्याचे ब्लफ दहात एक असतील, तर ब्लॉकरने फारसा फरक पडत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे असे खेळाडू कॉल जास्त करतात, ‘बघू तरी’ म्हणून. त्यांच्यासमोर तुमचे ब्लफ कमी आणि खऱ्या हातावरच्या बेट मोठ्या हव्यात. सॉल्व्हर जिथे राणीच्या जोडीवर तिसऱ्यांदा चेक सांगेल तिथे इथे अर्ध्या पॉटएवढे लावा. अठ्ठीची जोडी घेऊन कॉल करणारा निघतो. समतोल साधण्याचा हट्ट धरणारी तरुण मंडळी हेच विसरतात. समोरचा तुमचा समतोल मोजत नसेल, तर तो राखण्याची किंमत फक्त तुम्ही भरता. अर्थात गोव्यात मांडवीतल्या बोटींवर, जिथे देशभरचे नियमित खेळाडू बसतात, हे उलटं अंगलट येईल. कोकणकन्येतून उतरून सरळ तिथे जाणाऱ्याने टेबल बदललं की यादीही बदलते हे ध्यानात ठेवावं.

आता कायदा. आपल्या राज्यात 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही, महाराष्ट्राच्या नावाने, लागू आहे. त्याचं कलम 13 निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतं. पोकर त्यात बसतो का, यावर देशात एकमत झालं नाही: कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये क्लबांना पोकरसाठी वेगळ्या परवान्याची गरज नाही असं म्हटलं, गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकर जुगारात टाकला. दोन्हीकडच्या वादात फ्लॉपनंतरचे निर्णय हाच खरा पुरावा असायला हवा होता, कारण पानं न दाखवता संपणाऱ्या डावांत वाटपाने कोण जिंकलं हे ठरत नाही. कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने 1976 मध्येच एक कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. म्हणून गोवा. ऑनलाइनचा प्रश्न संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये एका फटक्यात निकालात काढला: नव्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे आणि नशिबाचे हा भेदच ठेवला नाही. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. सत्यनारायण खटल्यापासून चालत आलेली सगळी चर्चा त्या कायद्याने बाजूला सारली, हे मला पटत नाही. पण या खेळांत कर्जबाजारी झालेली घरं परळच्या चाळींत आणि टॉवरांत दोन्हीकडे आहेत, तेव्हा संसदेला घाई का झाली हे समजतं.

उरतो तो पैसा, ज्याबद्दल डावपेचांची पुस्तकं थोडक्यात उरकतात. कॅसिनो किंवा कार्डरूम प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढते, त्याला रेक म्हणतात. जगभर बहुतेक ठिकाणी नियम असा की फ्लॉप पडला नाही तर रेक नाही. म्हणजे ‘फ्लॉप बघू’ म्हणून केलेल्या प्रत्येक कॉलमध्ये घराचा वाटा आधीच धरलेला असतो. वरच्या 550 च्या पॉटमधून पाच टक्क्यांनी 27 चिप्स जातात, बिग ब्लाइंडच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. त्यातले पंधरा जरी असेच लहान पॉट फ्लॉपपर्यंत गेले तरी तासाला चारशे चिप्स टेबलावरून उठतात. सहा जणांत वाटल्या तर माणशी सदुसष्ट. पॉट मोठे झाले की हा आकडा वाढतो. बरोबरीत सुटायला तेवढं प्रत्येकाला उरलेल्या पाच जणांच्या चुकांमधून दर तासाला काढावं लागतं, आणि ते पाच जणही त्याच खटपटीत असतात.